शंकरपट : बैलांची सोय झाली, माणसांची कधी होणार?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. महाशिवरात्रीला आठवडा बाकी होता. पहाटे ५ वाजता नंदनवनातल्या घरून मोटारसायकल काढली, दिघोरी मागे टाकून उमरेड रोडला लागलो. वाटेत आमचं गाव लागतं. तिथून बाबांना मागे बसवलं. भिवापूर ओलांडून पुढे एका गावी शंकरपट होता. गावाचं नाव लिहीत नाही. कारण सांगायची ती गोष्ट एका गावाची नाही, कमीअधिक फरकाने पुष्कळ गावांची आहे.

बाबांचं वय ६८. ते स्वतः पटाचे शौकीन. मी शाळेत होतो तेव्हा आमच्याकडे पटाची जोडी होती, मोऱ्या आणि राजा. पौष लागला की बाबा त्या जोडीला सरकी-ढेप जास्त द्यायचे आणि आई म्हणायची, पोरांपेक्षा बैलांचे लाड जास्त. पुढे पट बंद झाले, बैल म्हातारे झाले, गेले. बाबांनी त्यानंतर एकही पट पाहिला नव्हता. म्हणून मीच आग्रहाने घेऊन गेलो. पत्रकावर छापलं होतं, 'ठीक १० वाजता पटाला सुरुवात'. आम्ही ९ वाजता हजर होतो.

पहिली जोडी सुटली तेव्हा घड्याळात २ वाजून १० मिनिटं झाली होती.

पाच तासांत काय काय झालं

गावाच्या एक किलोमीटर अलीकडेच रस्ता तुंबला होता. गाड्या कुठे लावायच्या हे सांगायला माणूस नाही. ज्याने त्याने जागा दिसेल तिथे मोटारसायकल उभी केली. कुणी रस्त्यावर, कुणी धुऱ्यावर, कुणी सरळ उभ्या हरभऱ्यात. ज्याचा हरभरा होता तो शेतकरी हात जोडून ओरडत होता. काढणीला आलेलं पीक, घाटे टायरखाली फुटत होते. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

दाणीच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं. एका बाजूला पाच-पन्नास फूट बांबू लावले होते, पुढे बांबू संपले आणि सुतळी लागली, त्याच्याही पुढे चुन्याची रेघ आणि मग काहीच नाही. सावली एकट्या मंडपात, आणि मंडप समितीचा नि पाहुण्यांचा. पाण्याचा एक टँकर होता, तो बैलांसाठी. बैलांना पाणी हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हजारो माणसांसाठी दोन रांजण होते आणि ते ११ वाजताच कोरडे झाले. बाया-पोरींसाठी आडोसा कुठेच नव्हता. ज्या बाया आल्या होत्या त्यातल्या निम्म्या १२च्या आत घरी परतल्या.

आणि भोंगा मात्र अखंड सुरू. 'आपल्यामध्ये अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी मंचावर यावं.' जोड्या किती आल्या, पहिली कोणती सुटणार, उशीर कशामुळे होत आहे, यातलं एक अक्षर नाही. लोक एकमेकांना विचारत होते, 'कवा सुटते गा?' उत्तर कोणाजवळच नव्हतं.

उशिराचं कारण मला नंतर कळलं. ज्यांच्या हस्ते उद्घाटन होणार होतं ते पाहुणे यायचे होते. ते १२ वाजता आले. मग सत्कार, मग भाषणं. एकूण ९ भाषणं झाली.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या नवातलं एक भाषण माझं होतं.

समितीतल्या एकाने मला गर्दीत ओळखलं. लोक आम्हाला अजून कृषी सहायकच म्हणतात, पदाचं नाव बदललं तरी. 'साहेब, तुम्ही खाली कसे?' म्हणत हात धरून मंडपात नेलं. शाल दिली, नारळ दिला, माइक हातात दिला. बाबा खालीच राहिले. मी म्हटलं, दोनच मिनिटं बोलतो. आणि बोलत राहिलो. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, उन्हाळी नांगरट. सरकारी माणसाच्या हाती माइक आला की तो लवकर सुटत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, 'साहेब, पट सोडा!' लोक हसले, मीही हसलो, आणि आणखी पाच मिनिटं बोललो. समोर उन्हात डोक्यावर दुपट्टा धरून उभे असलेले बाबा मला दिसत होते.

अपघात झाला तो असा

पट सुरू झाला तेव्हा गर्दीचा धीर सुटलेला होता. सकाळपासून उभी असलेली माणसं पुढे पुढे सरकत आत आली. दाण अरुंद होत गेली. शेवटच्या रेघेच्या पलीकडे बैल थांबवायला मोकळी जागा ठेवली होती, तिथे पोरं मोबाइल घेऊन उभी राहिली. समोरून फोटो चांगला येतो म्हणून! त्यात चार-पाच जण जोडीच्या मागून दाणीतच मोटारसायकल पळवू लागले. एक चालवणारा, मागचा चित्रण करणारा. भोंग्यावरून एकदा सांगितलं, 'गाड्या आत आणू नका.' सांगणाऱ्याचं काम संपलं. अडवायला कोणी उतरलं नाही.

सातवी का आठवी जोडी होती. डावा बैल नवखा असावा. मागून गाडीचा आवाज आला, समोर माणसांची भिंत दिसली, आणि जोडी डावीकडे वळली. धुरकऱ्याने कासरा ओढला, पण तेवढ्या वेगात कासऱ्याने काय होतं? पोरं पळाली. एका म्हाताऱ्या माणसाला पळता आलं नाही. छकड्याचं चाक त्याच्या पायावरून गेलं.

पशुवैद्यक हजर होते. जनावर नेण्याची गाडीही उभी होती, परवानगीच्या कामी ती लागते म्हणून. माणसासाठी मात्र १०८ला फोन लावावा लागला. रुग्णवाहिका आली, ती तुंबलेल्या रस्त्यावर अर्धा किलोमीटर अलीकडेच अडकली. शेवटी कोणाच्या तरी घरून बाज आणली, तिच्यावर त्या माणसाला टाकलं, आणि चौघांनी खांद्यावर रुग्णवाहिकेपर्यंत पोचवलं. त्या चौघांत मी एक होतो. शाल अजून माझ्या खांद्यावरच होती.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. जीव वाचला. पण त्या घरी हरभरा काढायचा होता, तो मजूर लावून काढावा लागला.

पट तासभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. अंधार पडेपर्यंत निम्म्याच जोड्या सुटल्या. लांबून छोट्या ट्रकमध्ये बैल घालून आलेले मालक शिव्या देत परत गेले. गावात रात्री नाटक होतं. झाडीपट्टीत पट म्हटला की रात्री नाटक आलंच. त्याला आम्ही थांबलो नाही.

परतताना उमरेडपर्यंत बाबा बोलले नाहीत. चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, 'तू त सावलीत व्हता. लोकं उनात उभे, अन् तू माती परीक्षन सांगून रायला. हे लोकं कायले आले व्हते, हे तुमच्यातल्या एकाले तरी मालूम व्हतं का?'

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला आहे.

बंदीने काय नेलं

शंकरपट हा विदर्भाचा जुना शौक. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला कृषक सुधारक मंडळाचा पट साऱ्या विदर्भाला माहीत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तर पट, मंडई आणि नाटक हे हिवाळ्याचं ठरलेलं चक्र. धान घरी आलं की पाहुणे बोलवायचे, लेकी माहेरी आणायच्या, सोयरिकी जुळवायच्या, हे सगळं पटाच्या निमित्ताने.

पुढे ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयात तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

हिशेब केला तर पट चांगली काही वर्षं बंद राहिला. या काळात बैल कमी झाले, हे सगळे बोलतात. पट भरवणारी माणसंही कमी झाली, हे कोणी बोलत नाही.

बाबा सांगतात, पूर्वी पटाच्या आठ दिवस आधी गावाची बैठक बसायची. कोणता मोहल्ला पाण्यावर, कोणता दाणीवर, कोणता पाहुण्यांच्या जेवणावर, हे तिथे ठरायचं. कोतवाल दवंडी देऊन कोणत्या वाटेने यायचं आणि बंड्या कुठे सोडायच्या ते सांगायचा. दाणीच्या कडेला गावची तरणी पोरं हातात हात धरून उभी राहत आणि तोंड गर्दीकडे ठेवत, पटाकडे पाठ. 'ज्याले दाण सांभाळाची हाय त्यानं पट पाहाचा नाई,' असा नियमच होता. माणसं बंड्यांवर बसून पट पाहत. बंडी म्हणजे बसायची जागाही झाली आणि कुंपणही झालं.

आता बंड्यांच्या जागी मोटारसायकली आल्या. माणसं दहापट झाली, बंड्यांचं कुंपण गेलं. ज्यांना गर्दी सांभाळायची रीत माहीत होती ती पिढी म्हातारी झाली. नव्या समितीजवळ फ्लेक्स आहे, भोंगा आहे, बक्षिसाला मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आहे. बैठक मात्र होत नाही.

मोटारसायकलच्या शर्यतीचं एक उदाहरण

आमच्या नंदनवनात गल्लीगल्लीत मोटारसायकलवेडी पोरं आहेत. त्यांच्यातल्या एकाकडून मला एका बेटाची माहिती कळली आणि पुढे मी ती वाचून काढली. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे. वस्ती एक लाखाच्याही आत. तिथे १९०७ पासून मोटारसायकलची शर्यत होते, तिला टीटी म्हणतात. शर्यतीला वेगळं मैदान नाही. रोजचा रहदारीचा रस्ताच बंद करतात आणि सुमारे ६० किलोमीटरच्या फेरीवर शर्यत होते. रस्ता गावांमधून जातो, शेतांमधून जातो. लोक शेताच्या बांधावर, कुंपणाच्या आड बसून पाहतात. थोडक्यात, आपल्या पटासारखंच, फक्त बैलांच्या जागी यंत्र.

ती शर्यत सुरक्षित आहे असं कोणी समजू नये. आजवर त्या रस्त्यावर २५०हून अधिक स्वार मेले आहेत. २००७ मध्ये तर एका स्वाराबरोबर २ प्रेक्षकही गेले. त्यामुळे त्यांची शर्यत आपण उचलावी असं मी म्हणत नाही. पण गर्दीशी वागण्याच्या त्यांच्या तीन-चार रीती पाहण्यासारख्या आहेत.

एक. रस्ता किती वाजता बंद होणार आणि किती वाजता उघडणार हे आधी जाहीर होतं. बंद रस्त्यावर पाय ठेवणं हा गुन्हा आहे.

दोन. कुठे उभं राहायला मनाई आहे त्या जागी पाट्या लागतात. रस्त्याच्या कडेने ठरलेल्या जागी मार्शल म्हणजे राखणदार उभे असतात. बहुतेक जण पगारी नाहीत, हौसेने येतात, पण शिकवून तयार केलेले असतात. ते पुरेसे जमले नाहीत तर शर्यत सुरूच करत नाहीत. पाहुणा आला नाही म्हणून तिथे शर्यत थांबत नाही, राखणदार आला नाही म्हणून थांबते. हा फरक ध्यानात घ्या.

तीन. उशीर तिथेही होतो. समुद्रातलं बेट, धुकं आणि पाऊस नेहमीचा. तासन् तास लोक बांधावर बसून असतात आणि वैतागतातही. पण शर्यतीसाठी रेडिओ चालतो, त्यावर उशीर का झाला आणि पुढची वेळ कोणती ते सांगत राहतात. हवा फारच बिघडली तर शर्यत रद्दही करतात. २०१२ मध्ये आणि २०२५ मध्ये मुख्य शर्यत, जिला सिनियर टीटी म्हणतात, ती रद्द झाली. लोक हजारो मैलांवरून आले होते. त्यांना राग आला असेलच. पण कारण त्यांना कळलं होतं.

चौथी गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. तेव्हा बेटावरच्या जनावरांना धोका नको म्हणून त्या वर्षीची टीटी पूर्ण रद्द केली. मोटारसायकलची शर्यत, आणि ती थांबवली गाई-मेंढ्यांसाठी! आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा काही मंडळी रागावली होती. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आणखी एक. २०२३च्या फेब्रुवारीत उत्तर आयर्लंडमध्ये विम्याचा हप्ता एवढा वाढला की तिथल्या संघटनेने रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यती रद्द केल्याचं जाहीर केलं. पुढे शौकिनांनीच वर्गणी काढून पैसे उभे केले आणि शर्यती झाल्या. विम्याशिवाय शर्यत नाही, हे तिथे कोणी नाकारलं नाही. आपल्या किती पटांचा विमा निघतो?

आपल्या देशातही २०२३ मध्ये २२ ते २४ सप्टेंबरला ग्रेटर नोएडाला मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. मोठा पैसा, मोठं मैदान. तरी परदेशी मंडळींचे व्हिसे वेळेवर निघाले नाहीत म्हणून आधीच धावपळ झाली. उकाडा एवढा की रविवारची मुख्य शर्यत २४ फेऱ्यांऐवजी २१ फेऱ्यांची केली. २०२४ आणि २०२५ मध्ये ती शर्यत तिथे झाली नाही. तात्पर्य, पैसा असला म्हणजे नियोजन आपोआप होतं असं नाही, आणि एकदा भरवलं म्हणजे दरवर्षी भरतंच असंही नाही.

'लोक येतातच, साहेब'

मार्च संपता संपता मी त्या गावी परत गेलो. काम नांगरटीचं होतं, पण मनात पट होता. समितीच्या मंडळींना ग्रामपंचायतीत गाठलं. पहिल्यांदा कोणी ऐकायला तयार नव्हतं. एक जण म्हणाला, 'साहेब, लोकं तर येतेच. दरवर्षी वाढून रायले. तरास असता त आले असते का?'

मी म्हटलं, 'माझे बाबा पुढच्या वर्षी येणार नाहीत. अर्ध्यावर परत गेलेल्या बाया येणार नाहीत. ज्याचा हरभरा तुडवला तो पुढच्या वर्षी शेताला काटे लावील. ज्याचा पाय मोडला तो तर तुमच्या गावचा पाहुणा होता. आणि परवानगीच्या कागदावर सही कोणाची आहे?'

तेव्हा कागद काढला. बॅरिकेड लावण्याची अट त्या कागदातच लिहिली होती. सही करणाऱ्याने ती वाचली नव्हती. कोणीच वाचली नव्हती.

माझं भाषण लांबलं ही माझी चूकही मी तिथे सांगितली. त्यावर हशा झाला आणि मग बोलणं सुरू झालं. दोन तासांत जे ठरलं आणि ज्यावर मी नंतर पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आणि ठाण्यातल्या जमादारांशीही बोललो, ते खाली देतो. कोणत्याही गावाला उपयोगी पडावं.

पट समितीने करायचं ते

१. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा. प्रत्येक अटीपुढे एका माणसाचं नाव लिहा. तो माणूस जबाबदार.

२. दाणीच्या दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत दुहेरी कठडा करा. बांबू गावातलेच घ्या. आतला कठडा आणि बाहेरचा कठडा यांत माणूस आडवा झोपेल एवढं तरी अंतर ठेवा, म्हणजे मागून रेटा आला तरी पुढचा माणूस दाणीत पडत नाही.

३. दाण संपली म्हणून बैल थांबत नाही. शेवटच्या रेघेपुढे लांब मोकळी जागा ठेवा आणि तिथे एकही माणूस उभा राहू देऊ नका. फोटोवाल्यांसाठी बाजूला माचा बांधा, ते आत येणार नाहीत.

४. जोडीमागे मोटारसायकल दिसली की पट थांबवा. दोन वेळा थांबवला की गर्दीच त्या पोरांना बाहेर काढते.

५. राखणदार म्हणून गावची पोरं निवडा, एकाच रंगाचा दुपट्टा द्या, आदल्या दिवशी दाणीवर नेऊन जागा दाखवा. तोंड गर्दीकडे, पाठ पटाकडे. पाळी बदलत राहा, म्हणजे त्यांनाही थोडा पट पाहायला मिळेल.

६. भोंगा लोकांसाठी वापरा. दर पंधरा मिनिटांनी सांगा, किती जोड्या झाल्या, किती राहिल्या, उशीर का होत आहे. घड्याळाचा आकडा प्रत्येक जोडीनंतर फळ्यावर खडूने लिहा. भांडणं निम्म्याने कमी होतात.

७. उद्घाटन एका माणसाच्या हातून, नारळ फोडून. सत्कार आणि भाषणं संध्याकाळी, नाटकाच्या आधी. ज्याला ऐकायची असतील तो ऐकेल. पाहुणा वेळेवर आला नाही तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या धुरकऱ्याच्या हातून नारळ फोडा.

८. जोड्यांची नोंद आदल्या दिवशी संध्याकाळी बंद करा. दिवसाच्या उजेडात जेवढ्या सुटतील तेवढ्याच घ्या. जास्त जोड्या घेऊन प्रवेश फी गोळा करायची आणि निम्म्यांना परत पाठवायचं, हे बरं नाही.

९. विमा कंपनीकडे चौकशी करून कार्यक्रमाचा विमा काढा. बैल, धुरकरी आणि प्रेक्षक, तिघांना धरून. बक्षिसातून थोडी रक्कम वळवली तरी भागतं का ते पाहा.

ग्रामपंचायतीने करायचं ते

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक) आणि पोलीस पाटील यांनी गाड्या लावायची जागा आधी ठरवावी. ज्याच्या शेतातलं पीक निघालं आहे असं शेत भाड्याने घ्या, पैसे रोख द्या. आइल ऑफ मॅनचे शेतकरीही शर्यतीच्या दिवसांत तंबूवाल्यांना शेत भाड्याने देतात. मग कोणाचा हरभरा तुडवला जात नाही. एक वाट रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवा आणि तिच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस बसवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आठ दिवस आधी पत्र द्या. पाण्याच्या टाक्या दाणीच्या दोन्ही टोकांना ठेवा. बायांसाठी आडोसा आणि बसायची वेगळी जागा करा. यात खर्च फार नाही, पण आठवण ठेवावी लागते.

बैलमालकांनी करायचं ते

लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस वेळेवर द्या. पटाच्या तोंडावर लस टोचून दुसऱ्या दिवशी बैल पळवू नका, तारीख पशुवैद्यकांना विचारून ठरवा. कानात बारा अंकी बिल्ला असू द्या. ताप, लाळ, अंगावर गाठी असं काही दिसलं तर जोडी घरीच ठेवा, एका बैलाने शंभर बैल आजारी पडतात. तुतारी, करंट, दारू यांपैकी काही वापरलंत तर तुमच्याबरोबर साऱ्यांचा पट जाईल. एवढ्या वर्षांनी मिळालेली परवानगी अटींवर उभी आहे, हे विसरू नका. नवख्या बैलाला आधी गर्दीची आणि आवाजाची सवय करा.

ज्यांच्या शेतात दाण पडते त्यांच्यासाठीही एक सूचना. त्या पट्ट्यात जमीन दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि पुढचं पीक पिवळं राहतं. पट संपला की उन्हाळ्यात तो पट्टा खोल नांगरून तापू द्या आणि शेणखत जास्त टाका. समितीने त्या शेताच्या भाड्यात नांगरटीचा खर्च धरावा.

आणि आपण, पाहणाऱ्यांनी

सगळा दोष समितीचा, असं म्हणून सुटता येणार नाही. सुतळी ओलांडणारे आपणच. रस्त्यात गाडी लावणारे आपणच. मोबाइलसाठी बैलांच्या समोर उभी राहणारी पोरं आपल्याच घरची. राग आला की माणूस पुढे सरकतो, आणि पुढे सरकला की बैल बिचकतो. उशीर झाला तर समितीला जाब विचारा, मंडपाजवळ जाऊन विचारा, पण दाणीत उतरू नका.

त्या गावाने ग्रामसभेत ठराव घेतला आहे. येत्या पटात आधी कठडा, मग जोड्यांची नोंद. ज्याचा पाय मोडला त्याच्या औषधपाण्याचा खर्च वर्गणीतून द्यायचं ठरलं. निम्मा दिला आहे, निम्मा बाकी आहे. तोही देतील अशी आशा आहे, मी विचारत राहणार आहे. आणि मंचावर कोणत्याही खात्याच्या साहेबाला माइक द्यायचा नाही, असंही एकमताने ठरलं. तो ठराव मीच सुचवला.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'ठराव कागदावर हाय. पाहू.' थोड्या वेळाने म्हणाले, 'जाऊ म्हनतो. पन ह्या वेळी तू मायासंग खाली उभा राहाशील.'

मी हो म्हटलं आहे.

पट भरवणाऱ्या गावांनी परवानगीची आणि लसीकरणाची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तहसील कार्यालयात विचारावी. दिवाळीनंतर विचारली तर वेळ पुरतो, संक्रांतीनंतर विचारली तर धावपळ होते.